जमीनधारक हजर, हरकत नाही

तारखा आधी देतो. आकड्यांत देत नाही, कारण मूळ कागद ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी ते आकडे स्वतः उघड करावेत, हाही माझ्या मागणीचा भाग आहे. गावात दिवस ज्या खुणांनी लक्षात राहतात त्या खुणांनी सांगतो.

गोवा घटक राज्य झाले त्या वर्षी, शिगम्याच्या आधीचा मंगळवार: डिचोलीच्या कचेरीत सुनावणी झाली आणि कागदावर ‘खालचे जमीनधारक हजर, हरकत नाही’ अशी नोंद झाली. त्याच वर्षी, पावसाच्या तोंडावर येणाऱ्या सांजावच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी: खाणीने टेकडीवर रचलेला टाकाऊ मातीचा ढीग खाली मुळगावातल्या एका शेतात उतरला. त्याच वर्षी, नाताळच्या सुट्टीआधीचा कामकाजाचा शेवटचा दिवस: अपील फेटाळले गेले. पुढच्या वर्षी, ईस्टरनंतरचा गुरुवार: ते जमीनधारक वारले.

जबाबदार माणसे तीन. सुनावणी घेणारे अधिकारी. ‘खालची जमीन पडीक आहे’ असे त्यांच्यासमोर सांगणारे खाणीचे व्यवस्थापक. आणि खरे काय ते ठाऊक असून त्या खोलीत गप्प बसलेला एक इसम. व्यवस्थापक आता हयात नाहीत. तिसरा इसम मी आहे.

मी वकील नव्हे. एका वकिलाच्या कचेरीत मी तीस वर्षे कारकुनी केली, आणि अर्ज, पत्रे, हरकती लिहिणे हा माझा धंदा होता आणि व्यसनही. ज्यांच्याविषयी लिहितो आहे ते कचेरीच्या आवाराबाहेर जंगली बदामाच्या झाडाखाली टेबल टाकून बसणारे टंकलेखक होते. ख्रिश्चन, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, मुळगावचे. त्यांच्याकडे दोन यंत्रे होती, एक इंग्रजी, एक मराठी, आणि दोन्हींवर ते दोनच बोटांनी काम करीत. उन्हाच्या वेळी छत्री यंत्रावर धरीत आणि स्वतः उन्हात बसत. बाजार त्यांना ‘आमेनबाब’ म्हणे.

नावाचे कारण असे. त्यांना राग आला की ते बोलत नसत. मान खाली घालीत आणि ‘आमच्या बापा’ ही त्यांची प्रार्थना पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मनात म्हणत. ओठ हलत, आवाज येत नसे. संपली की ‘आमेन’ एवढाच शब्द ऐकू येई, आणि मग उत्तर. गिऱ्हाईक शिव्या देत असो, अंगावर शाई सांडलेली असो, तेवढा वेळ समोरच्याने थांबायचे. बाजारातले लोक त्याला सरावले होते. बदामाखालच्या चहावाल्याची एक ठरलेली थट्टा होती. ते ओठ हलवू लागले की तो ओरडे, “सरका रे, इंजीन गरम झालां!” त्यावरही त्यांना कधीकधी राग येई आणि मग प्रार्थना पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

मला या प्रकाराचा संताप येत असे. कायद्यात मुदतीला किंमत असते. मी एकदा त्यांना विचारले, “बाब, देवाला तुमचा राग दिसत नाही का, की तो दर वेळी त्याला दाखवून घ्यावा लागतो?”

ते म्हणाले, “भाऊ, तो सगळें पळेता. म्हाकाच दिसना, म्हण म्हणचें पडटा.”

तो सगळे पाहतो; मलाच दिसत नाही, म्हणून म्हणावे लागते. हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितले आणि पुढचा कागद यंत्रात सरकवला.

तरुणपणी ते विलक्षण तापट होते, हे मला त्यांनीच सांगितले. बांधाच्या हद्दीवरून भर फेस्ताच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर, त्यांनी आपल्या थोरल्या भावाच्या थोबाडीत मारली होती. भाऊ त्याच आठवड्यात मुरगाव बंदरात कामाला गेला आणि परतला नाही. माफीचे पत्र लिहायला यांना तीन वर्षे लागली. पत्र पाकिटात घातले आणि टपालात पडण्याआधी भाऊ वारल्याचा निरोप आला. ते पाकीट घेऊनच ते पाद्रीबाबांकडे पापकबुलीला गेले. पाद्रीबाबांनी प्रायश्चित्त दिले ते हे: रागाच्या भरात कोणालाही उत्तर देण्यापूर्वी एक प्रार्थना, पुरी, एकही शब्द न गाळता.

“किती दिवसांसाठी?” मी विचारले.

“तें हांवें विचारलेंच ना.”

कारकून म्हणून सांगतो, शिक्षेची मुदत न विचारता शिक्षा भोगणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही.

सुरुवातीला जमत नसे, असे ते सांगत. अर्ध्यातच शिवी बाहेर पडे. मग पुढे पुढे प्रार्थना पुरी होऊ लागली, पण शेवटी तीच शिवी जास्त धार लावून येई. काही वर्षांनी शिवी यायची थांबली. “आतां फकत राग येता,” ते म्हणत, “आनी बसून रावता. म्हाताऱ्या सुण्याभशेन.” म्हाताऱ्या कुत्र्यासारखा. ही प्रगती झाली की नाही, याबद्दल त्यांचीच खात्री नव्हती. मी त्यांना संत ठरवू पाहतो आहे असे कोणी समजू नये. रेशनच्या रांगेत घाई असलेल्या प्रत्येकाला ते पुढे सोडीत आणि रॉकेल संपल्यावर रिकामा डबा घेऊन घरी जात. स्टोव्ह त्यांच्या बायकोला पेटवायचा असे. त्यांच्या सबुरीची किंमत पुष्कळदा तिने मोजली, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितले आहे. त्यांनी मान खाली घातली, ओठ हलले, आमेन. “खरें आसा,” म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून रांगेत बायकोसाठी म्हणून उभे राहू लागले आणि कोणालाही पुढे सोडीनात. त्यावर लोक रागावले. तेही त्यांनी सोसले.

दुसरी रीत त्याहून वाईट. शिव्याशापांनी भरलेला अर्ज ते त्याच दिवशी टंकीत नसत. टेबलाच्या पायाला एक कापडी पिशवी बांधलेली असे. मसुदा तिच्यात टाकीत आणि म्हणत, “भिजूं दी. फाल्यां यो.” उद्या ये. कडधान्य भिजत घालावे तसा राग भिजत घालायचा. निम्मे लोक दुसऱ्या दिवशी येतच नसत. जे येत त्यांतले पुष्कळ जण स्वतःच चार ओळी खोडीत. मी मात्र दर वेळी जाई आणि एक शब्द न खोडता तोच मसुदा पुढे सरकवी. ते तो मुकाट्याने टंकीत. पिशवीतला बहुतेक ऐवज माझाच होता, हे मी कबूल करतो.

राजभाषेचा वाद पेटला तेव्हा मराठीच्या बाजूची निवेदने मी लिहीत असे आणि ती त्यांच्याकडेच टंकायला जात. एके सकाळी जाऊन पाहतो तर माझी निवेदने टंकली जात त्याच मराठी यंत्रावर कोकणीच्या बाजूचे निवेदन चढलेले. मी भडकलो. पण माझ्याआधीच आमच्या बाजूचा एक तरुण पोरगा टेबलावर मूठ आपटून उभा होता.

“म्हाताऱ्या, सकाळी त्यांचं, दुपारी आमचं? लाज नाही वाटत? तू नक्की कोणाचा?”

ओठ हलू लागले. पोराला वाटले, घाबरला. “बघा, बघा, वाचा गेली!” तो आजूबाजूच्यांना म्हणाला. “आता कुठल्या भाषेत बोलावं तेच समजत नाही त्याला!” लोक हसले. मीही हसलो.

“आमेन,” ते म्हणाले. “बस रे पुता. उन्हांत उबो रावूं नाका. तुजो कागद हाड, ह्याच्या फाटोफाट घेतां.” म्हणजे हा झाला की लगेच तुझा. आणि छत्री यंत्रावरून काढून त्यांनी त्याच्या डोक्यावर धरली. पोरगा बसला. त्याच्या निवेदनातल्या शुद्धलेखनाच्या सात चुका त्यांनी न बोलता दुरुस्त केल्या. हसलो होतो म्हणून मला त्या दिवशी चहा गोड लागला नाही, तरी मी त्यांची माफी मागितली नाही. मी तसा मागतही नाही.

आता त्या शेताविषयी.

ज्या बांधावरून भावाला मारले, तेच शेत. मुळगावात टेकडीच्या पायथ्याशी, झऱ्याच्या पाण्यावर पिकणारे. पावसाळी भात कापून झाल्यावर तिथे वायंगण, म्हणजे उन्हाळ्यातले दुसरे भात होई. ते शेत मुख्यतः त्यांची बायको कसत असे. मी तिला वहिनी म्हणे. त्या सुमारास तिची स्मरणशक्ती जाऊ लागली होती. आधी माणसांची नावे गेली, मग घरातल्या वस्तूंची जागा गेली. शेताची वाट मात्र गेली नाही. सकाळी उठून ती बरोबर शेतावर जाई, पाणी वळवी आणि बरोबर घरी येई. ते मला म्हणाले होते, “तें शेत आसा मेरेन ती आसा.” शेत आहे तोवर ती आहे.

टेकडीवर खाण होती. खाणीला टाकाऊ माती टाकायला नवी जागा हवी होती, आणि मागितलेली जागा या शेताच्या नेमकी वर होती. पहिल्या पावसात ती माती खाली येणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नव्हता. खालच्या जमीनधारकांना सुनावणीची नोटीस आली. खालचे जमीनधारक म्हणजे ते एकटेच.

मी त्यांच्यासाठी लेखी हरकत तयार केली, चार पानांची. खाणीच्या व्यवस्थापकाला तिच्यात ‘दरोडेखोर’ म्हटले होते आणि अधिकाऱ्याला ‘त्याचा पगारी नोकर’. त्यांनी वाचली, घडी केली आणि पिशवीत टाकली.

“फाल्यां,” म्हणाले.

“उद्या सुनावणी आहे, बाब!”

“जाणा. हांव तोंडान सांगतलों. बऱ्या उतरांनी.”

“चांगल्या शब्दांनी? त्या माणसाला?”

“तुजें सगळें खरें, भाऊ. पूण हें वाचून तो कान बंद करतलो. म्हाका ताचे कान जाय.”

मला त्याचे कान हवेत. आज ते वाक्य मला पटते. त्या दिवशी मला फक्त एवढेच समजले की माझी चार पाने पिशवीत गेली. मी म्हणालो, “ठीक. बोला तुमच्या तोंडाने. मी बरोबर येईन, पण उद्या तिथे मी तोंड उघडणार नाही. तुमची सबुरी काय करते ते मला पाहायचं आहे.” हे शब्द जसेच्या तसे आहेत.

मंगळवारी आम्ही दोघे बाकावर शेजारी बसलो. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. पुकारा झाला. आत गेलो. अधिकाऱ्यांनी व्यवस्थापकाला विचारले, “खाली लागवड आहे?”

“काही नाही, साहेब,” व्यवस्थापक म्हणाला. “पडीक आहे. कित्येक वर्षं पीक नाही. म्हातारी एक येऊन गवत उपटत बसते, डोक्यानं अधू आहे.”

त्या क्षणी त्या शेतात गुडघ्याएवढे भात उभे होते. मी आदल्याच आठवड्यात ते पाहिले होते.

अधिकारी यांच्याकडे वळले. “तुम्ही खालचे जमीनधारक? तुमची काही हरकत आहे?”

त्यांची मान खाली गेली. ओठ हलू लागले.

मला माहीत होते काय चालले आहे. त्या खोलीत एकट्या मलाच माहीत होते. अधिकारी बदलून नवीन आलेले, त्यांनी बदामाच्या झाडाखाली कधी उभे राहून पाहिलेले नव्हते. “बोला,” ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, “अहो, बोला.” घड्याळाकडे पाहिले. मी फक्त एवढे म्हणायचे होते, ‘साहेब, थोडं थांबा, ते बोलणार आहेत.’ मी हाताची घडी घातली आणि समोरच्या भिंतीकडे पाहत राहिलो. अधिकाऱ्यांनी कारकुनाला सांगितले, “लिही. खालचे जमीनधारक हजर, हरकत नाही.” कारकुनाने लिहिले.

“आमेन,” ते म्हणाले. मान वर केली. “सायबा, त्या शेतांत...”

“पुढचं प्रकरण,” अधिकारी म्हणाले.

“सायबा, हांव उलयतां न्हय...” मी बोलतो आहे ना, असे ते म्हणत होते.

“विचारलं तेव्हा बोलायचं. नोंद झाली. चला, बाहेर.”

शिपायाने दार उघडून धरले.

बाहेर आल्यावर मी खूप बोललो. तुमची प्रार्थना, तुमचे पाद्री, तुमचा मूर्खपणा, असे सगळे बोललो. ते ऐकत होते. या वेळी ओठ हलले नाहीत, म्हणजे त्यांना माझा राग आला नव्हता. बस आली तेव्हा ते एवढेच म्हणाले, “तिका कितें सांगूं?” वहिनीला काय सांगू?

ढीग उतरला तेव्हा शेतात पावसाळी रोप नुकते लावलेले होते. छातीइतकी लाल माती आली. बांध दिसेना, झरा बुजला. वहिनी दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वाटेने गेली आणि जिथे वाट संपत होती तिथे उभी राहिली. घरी येऊन विचारू लागली, “आमचें शेत खंय?” त्यांनी सांगितले, मातीखाली गेले. ती रडली, विसरली, आणि तासाभराने तिने परत विचारले, “आमचें शेत खंय?” दिवसातून दहा वेळा, पंधरा वेळा. मी त्यांच्या घरी बसलो असताना एका दुपारी सहा वेळा ऐकले. सहाही वेळा ते हातातले काम ठेवून उठले, तिच्याजवळ गेले, तिचा हात धरला आणि प्रथमच विचारल्यासारखे उत्तर दिले. मी म्हणालो, “बाब, काहीतरी खोटं सांगा. किंवा एकदा ओरडा तरी. माणूस आहात.”

“भाऊ,” ते म्हणाले, “हांव भुरगेंपणांतसून देवाकडे तेंच तेंच मागतां. तो केन्ना ओरडलो ना.”

लहानपणापासून मी देवाकडे तेच तेच मागतो आहे, तो कधी ओरडला नाही. मी देवळात जातो ते सवयीने. पण या वाक्यापुढे मी खुर्चीत नीट बसलो.

अपील त्यांनी स्वतः टंकले. एकही विशेषण नव्हते. सोबत माझे प्रतिज्ञापत्र जोडायचे होते, की मी खोलीत हजर होतो आणि जमीनधारकाला बोलण्यास पुरेसा वेळ दिला गेला नाही. मी सांगत गेलो, ते टंकत गेले. शेवटच्या ओळीला त्यांची दोन बोटे थांबली.

“आनीक कितें घालपाचें आसा?” त्यांनी विचारले. आणखी काही घालायचे आहे?

ते माझ्याकडे पाहत होते. काय राहिले आहे ते आम्हा दोघांनाही ठाऊक होते. मी त्यांची ती सवय जाणत होतो, मी अधिकाऱ्याला थांबवू शकत होतो, आणि माझे म्हणणे खरे ठरावे म्हणून मी तसे केले नाही, हे त्या कागदावर नव्हते.

“नाही,” मी म्हणालो. “एवढंच.”

त्यांनी मान खाली घातली. ओठ हलू लागले. इतकी लांब प्रार्थना मी त्यांच्याकडून कधी पाहिली नाही. एकदा म्हटली, की दोनदा, की दहा वेळा, सांगता येत नाही. चहावाल्यानेही थट्टा केली नाही. मग ते ‘आमेन’ म्हणाले, कागद यंत्रातून काढला आणि सहीसाठी माझ्यासमोर ठेवला. वर आपली लेखणी दिली. त्या गोष्टीचा उल्लेख त्यांनी मरेपर्यंत पुन्हा केला नाही, आणि माझ्याशी वागण्यात तसूभरही फरक पडू दिला नाही. मी तीस वर्षे नोकरीत आणि त्यानंतर निवृत्तीत अनेकांशी भांडलो. त्यातल्या कोणी मला इतकी शिक्षा केलेली नाही.

अपिलात निकाल आला, की जमीनधारक हजर होते, त्यांना दोनदा विचारले गेले, साक्षीदारानेही त्या वेळी काही म्हटल्याचे दिसत नाही, सबब नोंद कायम. ‘साक्षीदारानेही’ हा शब्द मी रोज वाचतो.

ते गेल्यावर भाची येऊन वहिनीजवळ राहू लागली. तरी वहिनी तिची नजर चुकवून माझ्या घरी येई. पायरीवर उभी राहून विचारी, “तो खंय गेला?” मी कायद्याचा माणूस. मी म्हणालो, “वहिनी, ते वारले.” तिने पायरीवर बसून जो टाहो फोडला तो माझ्या घरातल्यांना अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. मी पुन्हा खरे सांगितले. पुन्हा तोच टाहो, पहिल्याइतकाच. तिसऱ्या दिवशी मी ओरडलो, “किती वेळा सांगू? मेला तो!” ती रडली नाही. मान आत घेऊन, चूक केल्यासारखी, निघून गेली. चौथ्या दिवशी तिने विचारले तेव्हा मी तोंड मिटले आणि थांबलो. मला त्यांची प्रार्थना येत नाही. मी नुसता थांबलो. मग उठून तिचा हात धरला आणि म्हणालो, “कचेरीत गेले आहेत, वहिनी. काम झालं की येतील.” ती हसली आणि घरी गेली. वर्षभर, ती जाईपर्यंत, मी हे खोटे विधान जवळजवळ रोज केले, आणि एकदाही ओरडलो नाही. माझ्या आयुष्यातली सबुरी एवढीच, आणि तीही दुसऱ्याकडून घेतलेली.

संपादकांना विनंती, की हा मजकूर काटछाट न करता छापावा. प्रतिज्ञापत्रात जे मी लपवले ते वर सहीनिशी लिहिले आहे, आणि त्याबद्दल जी काही कारवाई व्हायची ती भोगण्यास मी तयार आहे.

आता तुम्ही, अधिकारीसाहेब. आपण हयात आहात, आपली प्रकृती चांगली आहे आणि आपण मराठी वाचता, याची मी खात्री करून घेतली आहे. प्रश्न दोनच. समोरचा वृद्ध माणूस ओठ हलवतो आहे हे आपल्याला दिसत होते की नव्हते? आणि आपल्या कचेरीपासून थोड्याच अंतरावर असलेले ते शेत, ‘पडीक’ हा शब्द ऐकल्यावर, आपण किंवा आपल्या माणसाने जाऊन पाहिले होते का? मी पंचवीस पत्रे पाठवली, त्यांपैकी एकाचेही उत्तर नाही. मला घरी निरोप पाठवू नये, मध्यस्थ पाठवू नये, खासगी पत्र लिहू नये. आलेच तर ते मी उघडणार नाही. ‘हरकत नाही’ हे आपण चार माणसांदेखत लिहवलेत. खरे काय ते याच पानांवर, आपल्या नावानिशी, सर्वांना वाचता येईल असे लिहा.